धुराडे नसलेले घर : लुइस बेटावरील कूळ कुटुंबाची पार्श्वभूमी

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुइस बेटावर शेतकरी कुटुंबे ज्या घरांत राहत, त्यांना धुराडे नसे. चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये ठासलेली माती, वर शाकारलेले छप्पर आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांना बांधलेले धोंडे, अशी ही रचना होती. मधोमध जमिनीवर पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या कुजक्या मातीच्या विटांचा, विस्तव असे. रात्री तो राखेखाली झाकून ठेवत, विझू देत नसत. गाई त्याच छपराखाली दुसऱ्या टोकाला बांधलेल्या असत. पुढे चुन्यात बांधलेली घरे आली, तेव्हा या जुन्या घरांना ‘काळी घरे’ म्हणू लागले.

बाहेरून आलेल्यांना यात केवळ गलिच्छपणा दिसला. पण तो निवाडा घाईचा होता. धूर छपरात मुरून काडावर काजळीचा थर बसे, आणि ते काड उतरवून शेतात खत म्हणून पसरत. हिवाळाभर साठलेले शेणही वसंत ऋतूत शेतात जाई. बेटावरची निकस जमीन बटाटा आणि सातू देत होती, ती बऱ्याच अंशी या घराच्या जिवावर.

धुराडे नसण्याचे दुसरे कारण जमीनधारणेत होते. कुटुंबाकडे ‘क्रॉफ्ट’ म्हणजे खंडाने घेतलेला लहानसा तुकडा आणि सामायिक कुरणातला वाटा असे. जमीन मालकाची, घर मात्र कुळाने स्वतः बांधलेले. कूळ सहसा वर्षावर्षाच्या बोलीवर असे. घर सुधारले तर खंड वाढण्याची धास्ती आणि बेदखल झाल्यास भरपाई नाही, अशा स्थितीत खिडकी-धुराड्यावर पैसा घालणार कोण?

१८४४ मध्ये जेम्स मॅथेसन यांनी हे बेट विकत घेतले. त्यांची संपत्ती चीनमधील अफूच्या व्यापारातली होती. त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाई आणि मुंबईचे जमशेटजी जीजीभाई या व्यापारात त्यांच्या पेढीचे मोठे सहकारी होते. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा पडून उपासमार ओढवली. मॅथेसन यांनी धान्य आणवले, कामे काढली. मात्र १८५१ ते १८५५ या काळात दोन हजारांहून अधिक माणसे कॅनडाला रवानाही केली.

जे राहिले त्यांचा भार मुख्यतः बायकांनी वाहिला. पीटने भरलेली करंडी पाठीवर आणि चालता चालता हातात मोजे विणण्याच्या सुया, हे तिथले नित्याचे दृश्य होते. उन्हाळ्यात तरुण मुली गुरे घेऊन माळावरच्या झोपड्यांत राहत. पुढे कित्येकजणी हेरिंग मासे साफ करण्याच्या कामासाठी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जाऊ लागल्या. रविवारी काम निषिद्ध असल्याने पाणी आणि पीट शनिवारी रात्रीच आत आणून ठेवत. घरातली प्रार्थना गेलिकमध्ये होई. १८७२ च्या कायद्याने सक्तीच्या केलेल्या शाळेत मात्र त्या भाषेची तरतूद नव्हती.

१८८२ मध्ये शेजारच्या स्काय बेटावर कुळे आणि पोलिस यांच्यात चकमक झाली. त्यानंतर कुळांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १८८३ मध्ये नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद लॉर्ड नेपियर यांच्याकडे होते. ते पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते. १८८६ च्या कायद्याने कुळाला वाजवी खंड, कायम ताबा, वारसाहक्क आणि स्वतः केलेल्या सुधारणांची भरपाई मिळाली. हळूहळू भिंतींत चूल आणि वर धुराडे आले. तरीही लुइसवरील आर्नोल गावातले ४२ क्रमांकाचे काळे घर, मधल्या विस्तवासह, १९६६ पर्यंत नांदते होते.