नौकांच्या परकीय जलप्रवेशावरील आणीबाणीचे अधिकार (अमेरिका–क्यूबा)

आपल्या किनाऱ्यावरून निघालेली बोट दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत शिरू नये, म्हणून आणीबाणी जाहीर करून ती अडवण्याचा, तपासण्याचा किंवा ताब्यात घेण्याचा सरकारचा अधिकार. अमेरिकेने क्यूबाच्या बाबतीत १९९६ पासून तो वापरला आहे.

२४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या मिग विमानाने ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’ या मायामीतील संघटनेची दोन छोटी सेस्ना विमाने पाडली. चौघे ठार झाले. तराफ्यांवरून समुद्र ओलांडणाऱ्या क्यूबन निर्वासितांना हुडकण्याचे काम ही संघटना करत असे. विमाने पडली ती आंतरराष्ट्रीय हद्दीत, असा निष्कर्ष पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या चौकशीत निघाला. मृतांना श्रद्धांजली वाहण्यासाठी २ मार्चला फ्लोरिडातून बोटींचा ताफा त्या जागी जायचा होता. आदल्याच दिवशी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी उद्घोषणा क्र. ६८६७ काढली आणि राष्ट्रीय आणीबाणी पुकारली.

फुले वाहायला निघालेल्या माणसांसाठी आणीबाणी कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण १३ जुलै १९९५ ची घटना ताजी होती. त्या दिवशी अशाच एका निषेध-ताफ्यातील बोट क्यूबाच्या पाण्यात शिरली. क्यूबाच्या गस्ती नौकांनी तिला धडक दिली आणि बोटीवरची माणसे जखमी झाली. आता त्यात चार मृत्यूंची भर पडली होती. पुन्हा कोणी क्यूबाच्या सागरी हद्दीची बारा सागरी मैलांवरची रेषा ओलांडली असती, तर दोन देशांत केव्हा ठिणगी पडेल याचा नेम नव्हता.

या उद्घोषणेचा कायदेशीर पाया मात्र जुना आहे. पहिल्या महायुद्धातील १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्यात बंदरातल्या जहाजांवर नियंत्रणाची तरतूद होती. कोरियन युद्ध सुरू झाल्यावर, १९५० मध्ये, मॅग्नसन कायद्याने ती वाढवली. तेव्हा रोख बंदरांतील घातपातावर होता. संशयित खलाशांना छाननी करून जहाजांवरून दूर ठेवले जाई. ती पद्धत न्याय्य प्रक्रियेला धरून नाही, असे एका संघीय अपील न्यायालयाने १९५५ मध्ये ठरवले. याच कायद्यात ‘आंतरराष्ट्रीय संबंधांतील बिघाड किंवा बिघाडाचा धोका’ हेही कारण नोंदलेले आहे. १९९६ मध्ये नेमके तेच उपयोगी पडले.

परक्या पाण्यात कोणी काय करावे, हे अमेरिकी तटरक्षक दल तिथे जाऊन ठरवू शकत नाही. म्हणून नियमाने निघण्याच्या क्षणालाच हात घातला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत सुरक्षा क्षेत्र आखले गेले. तिथून ठरावीक लांबीपेक्षा लहान खासगी बोट क्यूबाच्या हद्दीत शिरण्याच्या इराद्याने हलवायची, तर आधी तटरक्षक दलाचा परवाना काढणे भाग झाले. नियम मोडल्यास बोट जप्त होऊ शकते. कायद्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड आहे. म्हणजे नांगर उचलताना मनात काय होते, यावर गुन्हा ठरतो. मनातला हेतू धक्क्यावर उभे राहून ओळखायचा, ही या अधिकाराची सर्वांत नाजूक बाजू आहे आणि नागरिकाच्या संचारस्वातंत्र्याला तो थेट भिडतो तो इथेच.

१९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यानुसार अध्यक्षांनी मुदत वाढवली नाही, तर जाहीर झाल्याला वर्ष पूर्ण होताच आणीबाणी संपते. ही मात्र दरवर्षी वाढवली गेली, २०२५ मध्येही. जॉर्ज बुश यांनी २००४ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. बराक ओबामांनी २०१६ मध्ये स्वतः हवानाला जाण्याच्या महिनाभर आधी, राजनैतिक संबंध पुन्हा जुळलेले असतानाही, ती कायम ठेवली. एव्हाना भर मोठ्या स्थलांतराच्या भीतीवर आला होता. त्या भीतीमागे १९८० ची आठवण आहे: आप्तांना आणायला फ्लोरिडातल्या बोटी मारिएल बंदरात गेल्या आणि काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्यूबन अमेरिकेत उतरले. की वेस्टपासून क्यूबाचा किनारा जेमतेम नव्वद मैलांवर आहे.