सॅम्पल-मांडणी (संगीतनिर्मिती)

संगणकावर रचलेल्या गाण्याची प्रोजेक्ट फाइल आणि त्यात वापरलेले सॅम्पल, म्हणजे ध्वनीचे तुकडे, एकत्र व नंतर सापडतील असे ठेवण्याची पद्धत. प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज सहसा नसतोच. कोणता तुकडा कुठल्या फोल्डरमधून घ्यायचा, कुठे कापायचा, कितव्या मात्रेवर वाजवायचा, एवढीच नोंद तिच्यात असते. रीपर या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरची फाइल साध्या मजकुराची असल्याने नोटपॅडमध्ये उघडून हे पत्ते वाचताही येतात. आवाजाचे वजन वेगळेच: ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट स्टिरिओ ध्वनीला मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते.

पत्ता बदलला की आवाज गायब. पेन ड्राइव्हवरून थेट ओढलेला तुकडा पेन ड्राइव्ह काढताच मुका होतो. ई ड्राइव्हचा एफ ड्राइव्ह झाला तरी तेच. म्हणून प्रत्येक गाण्याला स्वतंत्र फोल्डर करून सॅम्पल आधी त्यात उतरवतात आणि मगच वापरतात. उशिरा सुचले तर विखुरलेले तुकडे एकत्र करणारी सोय, म्हणजे एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमधील ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ किंवा एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधील झिप स्वरूपाची निर्यात, कामी येते. मात्र बाहेरच्या सॅम्पलर प्लगइनमधले (सॅम्पल वाजवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमधले) आवाज अशा सोयींतून अनेकदा निसटतात. असा आवाज असलेला ट्रॅक ध्वनिफाइल करून ठेवलेला बरा.

कोल्हापुरात सॅम्पल-फाइलच्या नावांचा प्रश्न हलगीपाशी जास्त अडतो. कुस्तीच्या मैदानात आणि मिरवणुकीत वाजणारी ही हलगी तयार लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा वाजवायच्या तयार तुकड्यांत, मनासारखी मिळणे कठीण, त्यामुळे ती स्वतःच रेकॉर्ड करावी लागते. शेकोटीवर तापवलेली हलगी कडक बोलते, गार होत जाईल तशी उतरते. सकाळचा आणि तासाभराने घेतलेला टेक (रेकॉर्डिंग) एकाच वाद्याचे असूनही जुळत नाहीत. ‘हलगी नवी’, ‘हलगी नवी फायनल’ अशा नावांतून यातले काहीच कळत नाही (फायनलनंतर ‘फायनल २’ येतेच). ‘हलगी_तापलेली_११०_मैदान’ या नावात वाद्याची अवस्था, मिनिटाचे ठोके आणि जागा तिन्ही येतात. जागा यासाठी की मैदानातल्या टेकमध्ये शिट्ट्या आणि गलका असतो. सनईच्या तुकड्याला लयीपेक्षा पट्टी महत्त्वाची: काळी एक की काळी दोन, हे लिहिलेले असावे.

ही नावे तुकडा प्रोजेक्टमध्ये घेण्यापूर्वीच द्यायची. नंतर बाहेरून नाव बदलले, तर प्रोजेक्ट जुन्याच नावाने शोधत बसतो.