शिकार-मासेमारी निधीच्या नंबरप्लेट (अमेरिका)

अमेरिकेतील अनेक राज्यांत मोटारीच्या नोंदणीचे नेहमीचे शुल्क भरून वर थोडी जादा रक्कम दिली, की साध्या पाटीऐवजी हरीण, बास किंवा ट्राउट मासा, बदक किंवा एल्क हे मोठे हरीण यांचे चित्र असलेली नंबरप्लेट मिळते. जादा रकमेतला ठरावीक वाटा राज्याच्या वन्यजीव व मत्स्य विभागाकडे किंवा त्या क्षेत्रातल्या एखाद्या संस्थेकडे जातो. बहुतेक राज्यांत नोंदणीच्या नूतनीकरणाबरोबर ही रक्कम दर वर्षी पुन्हा भरावी लागते. पाटी घेतली म्हणून शिकारीचा किंवा गळ टाकण्याचा हक्क मिळत नाही; परवाना वेगळाच काढावा लागतो. आपल्याकडेही गाडीला पसंतीचा क्रमांक मिळावा म्हणून लोक आरटीओत भरपूर पैसे मोजतात, पण ते थेट सरकारी तिजोरीत जमा होतात, कोणत्या कामाला लागले ते मोजणाऱ्याला कळत नाही. अमेरिकी पाटीचे सारे आकर्षण पैसा कुठे जाणार हे आधी सांगण्यात आहे. तो खरोखर तिथे जातो का, हे मात्र प्रत्येक राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे भारतात शिकार जवळजवळ बंदच आहे. त्यामुळे शिकाऱ्यांच्या पैशातून वन्यजीव रक्षण ही कल्पना मराठी वाचकाला विचित्र वाटते. अमेरिकेत ती शंभरेक वर्षांची रूढ व्यवस्था आहे. १९३४ पासून पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला केंद्र सरकारचे ‘डक स्टॅम्प’ नावाचे तिकीट विकत घ्यावे लागते. सुरुवातीला ते एका डॉलरला मिळत असे, २०१५ पासून त्याची किंमत २५ डॉलर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील उत्पादन-कर राज्यांच्या वन्यजीव कामासाठी राखून ठेवला. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, रीळ, काठ्या अशा मासेमारीच्या सामानाबाबत तेच केले. १९३७ च्या कायद्यात एक चतुर अट होती. शिकार परवान्यांचे शुल्क वन्यजीव विभागाच्या कामाखेरीज कुठेही वळवणार नाही, असा कायदा ज्या राज्याने केला असेल त्यालाच केंद्राचा पैसा मिळे. या अटीमुळे राज्यांच्या विधिमंडळांचा हात परवान्याच्या पैशापर्यंत पोचेना.

या व्यवस्थेत एक भोक राहिले. पैसा शिकाऱ्यांचा, म्हणून तो मुख्यतः शिकारीच्या प्राण्यांवर खर्च होई. सरडे, कासवे, घुबडे, गाणारे पक्षी यांना वाली नव्हता; त्यांच्यासाठी वेगळा पैसा हवा होता. फ्लोरिडाने चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये काढलेली स्मृती-पाटी जोरात खपली आणि निधी उभारण्याचा हा मार्ग राज्यांच्या लक्षात आला. पाठोपाठ त्याच राज्यात मॅनेटी हा पाण्यातला सस्तन प्राणी व पँथर यांच्या पाट्या निघाल्या, मेरीलँडने चेसापीक उपसागराची पाटी काढली. शिकारी आणि गळकरी मंडळींच्या पाट्या याच वाटेने आल्या.

टेक्ससमध्ये अशा पाटीसाठी वर्षाला ३० डॉलर जादा पडतात आणि त्यांतले २२ डॉलर राज्याच्या उद्याने व वन्यजीव विभागाला मिळतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे चित्र असलेल्या पाटीचा पैसा मोठ्या शिकारी प्राण्यांच्या कामाला लागतो, लार्जमाउथ बासच्या पाटीचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीला, तर ब्लूबॉनेट फुलांच्या पाटीचा राज्य उद्यानांना. चौथ्या पाटीवर शिंगवाला सरडा आहे. हा टेक्ससचा राज्य-सरीसृप असला तरी तिथेच त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. त्याच्या पाटीचा पैसा शिकारीबाहेरच्या प्राण्यांसाठी असतो.

चित्रावरून खर्चाचा अंदाज बांधायला गेले तर फसायला होते. आयडाहोत एल्क आणि कटथ्रोट ट्राउट हे शिकाऱ्यांचे व गळकऱ्यांचे लाडके जीव पाट्यांवर आहेत, पण या पाट्यांचा बराच पैसा ज्यांची शिकार होत नाही अशा प्राण्यांसाठीच्या कार्यक्रमाकडे जातो, कारण त्या कार्यक्रमाला परवान्यांचा पैसा मिळत नाही. एल्कच्या पाटीतला एक वाटा वन्यप्राण्यांच्या रोगांवर लक्ष ठेवायला, ट्राउटच्या पाटीतला बिनइंजिनाच्या होड्यांसाठी व मासेमारीसाठी पाण्यापर्यंत वाट करून द्यायला लागतो. मिनेसोटात उलट गंमत आहे. तिथे पाटीसाठी वर्षाला किमान ३० डॉलर देणगी द्यावी लागते आणि ती अधिवास-निधीत जमा होते. खासगी व्यक्ती व संस्थांनी जमीन किंवा रोकड दिली, की तिच्या जोडीला या निधीतून तेवढीच भर घातली जाते. अशा जमिनींपैकी पुष्कळ ठिकाणी शिकारीला मुभा असते. म्हणजे पाटीवर ऑर्किडचे फूल मिरवणारा गाडीवालाही नकळत शिकाऱ्यांच्या रानाला हातभार लावतो!

परवान्याच्या पैशाला असलेले केंद्रीय अटीचे कवच पाटीच्या पैशाला नाही, आणि जॉर्जियात हे ठळकपणे दिसले. बॉल्ड ईगल हा गरुड आणि लावा पक्ष्यासारखा दिसणारा बॉबव्हाइट यांच्या पाट्या तिथे लोकप्रिय होत्या. बॉबव्हाइट हा दक्षिणेकडच्या शिकाऱ्यांचा जुना आवडता पक्षी. शेतांच्या कडेचे गवत-झुडूप गेले तसा तो कमी होत गेला, आणि त्याच्या पाटीचा पैसा तो अधिवास परत उभा करण्यासाठी होता. २०१० मध्ये मंदीच्या काळात विधिमंडळाने शुल्काची नवी रचना केली आणि मोठा हिस्सा राज्याच्या सर्वसाधारण खजिन्याकडे वळवला. पाटीवरचे पक्षी तेच राहिले, फक्त पैशाचा रस्ता बदलला. लोकांना ते कळले, खप व नूतनीकरण दोन्ही घसरले. २०१४ मध्ये कायदा पुन्हा दुरुस्त करून जादा शुल्क २५ डॉलरवर आणले गेले आणि त्यातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा वन्यजीवांसाठी बांधून दिला गेला. ज्या पाटीची विक्रीच निव्वळ विश्वासावर चालते, तिच्या बाबतीत याहून महागाची काटकसर सापडणे कठीण.

नवी पाटी सुरू करणे सोपे नाही. बहुतेक राज्यांत विधिमंडळाची किंवा परिवहन खात्याची मंजुरी आणि आगाऊ ग्राहक लागतात. फ्लोरिडाने २०२० मध्ये पाट्यांच्या प्रकारांवर १५० ची मर्यादा घातली, आणि तिथे नव्या पाटीला छपाईआधी ३,००० खरेदीदार दाखवावे लागतात. व्हर्जिनियात निधी वाटून घेणाऱ्या पाटीच्या २५ डॉलरपैकी १५ डॉलर संबंधित कार्याला मिळतात, पण पहिल्या १,००० पाट्या खपल्यानंतरच. पाणथळ जागांवर काम करणारी डक्स अनलिमिटेड ही १९३७ पासूनची संस्था अनेक राज्यांत आपल्या बदकाच्या पाट्या चालवते. छोट्या क्लबांना हे उंबरठे ओलांडता येत नाहीत.

पाटीवरचे म्हणणे कुणाचे, गाडीवाल्याचे की राज्याचे, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकी यादवी युद्धातल्या बंडखोर दक्षिणी राज्यांच्या, म्हणजे कॉन्फेडरेट ध्वजाची पाटी टेक्ससने नाकारली होती. २०१५ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही सरकारची स्वतःची अभिव्यक्ती ठरवली, म्हणून कोणते चित्र नाकारायचे याची मोकळीक राज्याला मिळाली. कोणता मासा किंवा पक्षी पाटीवर झळकणार, हेही त्यामुळे राज्यच ठरवते.