कार्बन रोड सायकलची जुळणी व दोषशोध

कार्बन तंतू आणि एपॉक्सी रेझिन यांच्या फ्रेमवर हँडल, सीटपोस्ट, क्रँक (पायडलचा दांडा), गिअर, ब्रेक हे सुटे भाग बसवणे आणि पुढे वापरात येणारा आवाज, ढिलेपणा किंवा घसरण यांचे मूळ शोधून काढणे, असे हे दुहेरी काम आहे. साताऱ्यात सायकल शहराबाहेर काढली की चढ लागतो. सुमारे ७०० मी. उंचीवरच्या गावातून यवतेश्वर घाट चढून कास पठारावर गेले की उंची १,२०० मी.च्या आसपास भरते. वाईहून पाचगणीला पसरणी घाट, मेढ्याहून महाबळेश्वरकडे केळघर घाट. सपाटीवर महिनोन्‌महिने झाकून राहणारी जुळणीतली चूक अशा रस्त्यांवर पहिल्याच रविवारी बोलू लागते.

कार्बन तंतू लांबीच्या दिशेने प्रचंड ताण सोसतात. आडवे चेपले की मात्र त्यांना धरून ठेवणारे रेझिन तडकते. पोलादी नळीला पोचा पडतो, ॲल्युमिनियम वाकते आणि दोन्हींत डोळ्यांना काहीतरी दिसते. कार्बनचे थर आतून सुटले तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. त्यामुळे फ्रेमला खरा धोका खड्ड्यापेक्षा पान्याचा. ‘अजून अर्धा फेरा, म्हणजे हलायचा नाही’ ही लोखंडी सायकलवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेली सवय इथे नळी चेपते.

म्हणून बोल्ट आवळताना हाताच्या अंदाजाऐवजी टॉर्क पाना वापरतात. टॉर्कचे माप न्यूटन-मीटर. स्टेमचे (हँडलला फोर्कशी जोडणारा भाग) आणि सीटपोस्टच्या क्लँपचे बोल्ट साधारण ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात, बाटलीच्या जाळीचे २ ते ३ ला. पाच न्यूटन-मीटर म्हणजे किती? १० सेंमी. लांबीच्या ॲलन कीच्या टोकावर जेमतेम ५ किलोचा जोर. तगड्या मनगटाला तो जाणवतही नाही. भागावर छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल मर्यादा असतो, गाठायचे लक्ष्य नव्हे. स्टेम आणि हँडल यांच्या मर्यादा वेगळ्या असतील तर कमी असलेली पाळायची. चार बोल्ट असतील तर तिरपे तिरपे, थोडे थोडे आवळायचे.

एवढ्या टॉर्कला सीटपोस्ट खाली सरकत असेल तर उपाय कार्बन पेस्ट. तिच्यात बारीक कण असतात, ते दोन पृष्ठभागांमधले घर्षण वाढवतात आणि कमी दाबात पकड मिळते. साधे ग्रीस लावले तर नेमके उलटे होते. दर महिन्याला सीट बोटभर खाली जाते आणि दर महिन्याला मालक बोल्ट आणखी पिळतो, ही गोष्ट शेवटी सीटट्यूबवरच्या उभ्या भेगेपर्यंत पोचते.

फोर्कची, म्हणजे जुने मिस्त्री ज्याला चिमटा म्हणतात त्याची, वर जाणारी स्टीअरर नळी कार्बनची असेल तर तिच्यात दातेरी स्टार नट ठोकायचा नाही. तो आतले थर कापतो. त्याऐवजी आत फुगून बसणारा एक्सपांडर टाकतात. तो क्लँपच्या जागी नळीला आतून आधारही देतो. या नळीचा नेहमीचा व्यास २८.६ मिमी. असतो. स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या माथ्यापेक्षा नळी सुमारे ३ मिमी. खाली राहिली पाहिजे, नाहीतर वरची टोपी नळीवरच टेकते आणि कितीही आवळली तरी हेडसेट (हँडल ज्यांवर फिरते ती बेअरिंग) खडखडतो. क्रम ठरलेला आहे. आधी वरच्या टोपीने बेअरिंगवरचा दाब जुळवायचा, मग स्टेमचे बोल्ट आवळायचे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की उरलेला खेळ हाताला लागतो. नळी कापायची असल्यास बारीक दातांचे पाते, ओला फडका आणि तोंडाला मास्क हवा. कार्बनची धूळ फुप्फुसात जायला नको.

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा अक्ष ज्यात फिरतो ते फ्रेमच्या तळाचे बेअरिंग, दोन जातीचे. आटे असलेले आणि दाबून बसवायचे. इंग्लिश आट्यांच्या जातीत उजवीकडचा कप (बेअरिंगची वाटी) उलट्या आट्यांचा असतो, तर पायडलमध्ये उलटे आटे डावीकडे. या दोन नियमांची गल्लत करून आटे घालवल्याची उदाहरणे कमी नाहीत. कप ३५ ते ५० न्यूटन-मीटरला बसतो. पायडलचाही पल्ला जवळपास तेवढाच. दाबून बसवायच्या प्रकारात फ्रेमचे भोक अचूक गोल आणि दोन्ही बाजूंनी एका रेषेत असावे लागते. ते तसे नसले की बेअरिंग तिरके बसून कुरकुरते. ते प्रेसने बसवायचे, हातोड्याने नाही. या कुरकुरीला कंटाळून रुंद भोकातच आटे पाडणारे टी-४७ हे मानक २०१५ मध्ये आले आणि अनेक उत्पादक पुन्हा आट्यांकडे वळले.

आवाज शोधणे हा या विषयातला सर्वांत चिवट भाग. कार्बन फ्रेम पोकळ आणि ताठ, म्हणजे जवळजवळ वाद्याचा भोपळाच. मागच्या चाकाशी उठलेली टकटक पायाखालून आल्यासारखी वाटते आणि दोष हमखास बॉटम ब्रॅकेटवर जातो. ते बदलूनही आवाज तसाच, हा अनुभव बहुतेकांना एकदा तरी येतो. त्यामुळे यवतेश्वरच्या चढावरच परीक्षा घ्यावी. उभे राहून पायडल मारताना आवाज थांबला तर सीट, तिचे रूळ आणि सीटपोस्ट पाहायचे. पायडल न मारता उतारावर सोडल्यावरही चालू राहिला तर क्रँक निर्दोष, चाक किंवा हेडसेट धरा. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला नेमका एकदा येत असेल तर पायडल, क्रँकचे बोल्ट, चेनरिंग (क्रँकवरचे दातेरी चक्र). हँडल ओढल्यावर येत असेल तर स्टेम. मग स्वस्त आणि सोप्या जागेपासून सुरुवात करायची. चाकाचा ॲक्सल, डिरेलर (चेन एका दातेरीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्यावर लटकतो त्या हँगरचा बोल्ट, पायडलचे आटे, मागच्या दातेऱ्यांचा संच म्हणजे कॅसेट, तिची लॉकरिंग (तिला ४० न्यूटन-मीटर लागतात). प्रत्येक जागा उघडायची, पुसायची, जिथे ग्रीस तिथे ग्रीस आणि जिथे पेस्ट तिथे पेस्ट लावून मापाने आवळायची. एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम केल्या की आवाज जातो, पण कशाने गेला ते कळत नाही. माण-खटावची कोरडी धूळ किंवा ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेली माती सांध्यात शिरल्यावर यातल्या निम्म्या जागा नुसत्या पुसूनच गप्प होतात.

गिअर नीट पडत नसतील तर लोक केबलचा ताण फिरवत बसतात. आधी हँगर पाहावा. डिरेलर ज्यावर लटकतो तो ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे पडझडीत तो वाकतो आणि फ्रेम वाचते. गाडीच्या डिकीत सायकल उजव्या कुशीवर आडवी ठेवली तरी तो वाकू शकतो. वाकलेल्या हँगरवर ११ किंवा १२ गिअर जुळवणे व्यर्थ. तो गेजने सरळ करावा किंवा बदलावा. मग ‘एच’ आणि ‘एल’ हे डिरेलरची दोन्ही टोकांची धाव रोखणारे मर्यादा-स्क्रू, शेवटी केबल. यात ‘एल’ ढिला राहिला तर चेन मोठ्या दातेरीवरून आऱ्यांत जाते आणि डिरेलरही ओढून नेते. इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये (शिमानोने २००९ मध्ये डीआय-२ बाजारात आणले) केबलची कटकट नाही, पण हँगर तिथेही वाकतोच.

ब्रेकबाबत दोन गोष्टी पुरे. शिमानोच्या हायड्रॉलिक ब्रेकला मिनरल ऑइल लागते, डॉट द्रवावरच्या (मोटारीच्या ब्रेकमध्ये असतो तशा) ब्रेकना डॉट. अदलाबदल केली की सील फुगतात किंवा खराब होतात. आणि जुन्या पद्धतीचे रिम ब्रेक कार्बन रिमवर असतील तर कासहून उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नयेत. रिम तापून रेझिन मऊ पडते.

घाम आणि पावसाचे पाणी यांचा त्रास उशिरा दिसतो. कार्बन विद्युतवाहक आहे. खारट ओलीत त्याला टेकलेले ॲल्युमिनियम गंजते, गंज फुगतो आणि ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट कार्बन नळीत कायमचा अडकतो. पावसाळा सरला की तो एकदा बाहेर काढून, पुसून, पेस्ट लावून परत घालतात.

पडल्यानंतर संशयाच्या जागी नाण्याने हलके टकटक करून पाहण्याची रीत आहे. निरोगी भागाचा आवाज टणक, थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. ही चाचणी ढोबळ आहे. भेग दिसलीच तर ती दुरुस्त होऊ शकते, खराब थर घासून नवे तंतू चढवता येतात, पण ते कार्बनचे काम जाणणाऱ्याने करायचे असते. मोटारीच्या पेंटरकडून पुट्टी भरून रंग मारून घेतला की फ्रेम नवी दिसते आणि भेग पुढच्या वेळी तपासायलाही सापडत नाही.