तैगाचा नकाशा: झाडं वरून दिसतात, जंगलाचा प्रकार खाली ठरतो

अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि सैबेरियासकट रशियाचा मोठा भाग, असा उत्तर गोलार्धाला वळसा घालणारा जंगलाचा पट्टा म्हणजे बोरिअल जंगल, अर्थात तैगा. जगातल्या एकूण जंगलापैकी पाव हिश्श्याहून थोडं जास्तच इथे आहे. स्प्रूस, पाइन, फर, लार्च ही सूचिपर्णी झाडं आणि जोडीला बर्च, अ‍ॅस्पेन. मोठ्या वृक्षांची यादी जवळपास इथेच संपते. इतक्या मोजक्या जाती म्हटल्यावर नकाशा काढणं सोपं जाईल असं कुणालाही वाटेल. पण अडचण या मोजकेपणातूनच सुरू होते.

उत्तर युरोपातल्या स्कॉट्स पाइनचंच घ्या. हे झाड कोरड्या वाळूच्या टेकाडावर वाढतं आणि पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, ओल्या दलदलीतही. दोन्हीकडे झाडं विरळ आणि खुरटलेली. उपग्रहाला दोन्हीकडे ‘विरळ पाइन’ एवढंच कळतं. खाली उतरून पाहिलं तर एकीकडे पायाखाली चुरचुर मोडणारं पांढुरकं लायकेन, दगडफुलाच्या नात्यातलं, रेनडिअर हिवाळ्यात जे खातात ते. दुसरीकडे पाण्यानं टच्च भरलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे दलदलीतलं शेवाळ, आणि त्याखाली पीटचा थर. पहिल्या जंगलात लायकेन तासाभरात सुकतं आणि ठिणगी पडली की पेटतं. दुसऱ्यात हजारो वर्षांचा कार्बन साठलेला असतो. या दोन जागा नकाशावर एकाच रंगात आल्या, तर तो नकाशा आगीच्या अंदाजालाही चालत नाही आणि कार्बनच्या हिशेबालाही.

फिनलंडचे वनशास्त्रज्ञ ए. के. काजांदर यांनी १९०९ साली मांडलेली वन-प्रकारांची पद्धत याच जाणिवेवर उभी आहे. (पुढे हेच गृहस्थ त्या देशाचे पंतप्रधान झाले.) त्यांचा युक्तिवाद असा: झाडांचं वय बदलतं, लोक ती तोडतात, आग लागते, पण जमिनीचा ओलावा आणि कस तोच राहतो, आणि तो ओळखायचा तर झाडांखालच्या झुडपांवरून, मॉसवरून आणि लायकेनवरून. कसाच्या चढत्या क्रमानं त्यांची मालिका ढोबळमानानं अशी लागते: आधी लायकेनचं जंगल, मग हेदरचं, मग लिंगनबेरीचं, मग बिलबेरीचं (ही तिन्ही जमिनीलगतची छोटी झुडपं), आणि सगळ्यात सुपीक जागी बिलबेरीबरोबर आंबुशीच्या कुळातली ऑक्झॅलिस. वर पाइन असो की स्प्रूस, खाली बिलबेरीचा गालिचा असेल तर जमीन मध्यम कसाची, आणि तिथे लाकूड किती वेगानं वाढेल याचा अंदाज बांधता येतो. रशियात वनस्पतीशास्त्रज्ञ सुकाचोव्ह यांनी स्प्रूसच्या जंगलांची मांडणी अशीच खालच्या थरावरून केली. मात्र तिथे एकच रांग नसून मध्यापासून वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या मालिका आहेत: एक कोरडेपणाकडे, दुसरी साचलेल्या पाण्याकडे, आणखी एक वाहत्या पाण्याकडे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दाट, तरुण स्प्रूसखाली इतका अंधार असतो की जमिनीवर सुयांच्या थराशिवाय काहीच उरत नाही. झाडं साफ तोडल्यावर किंवा आगीनंतर काही वर्षं गवत आणि फायरवीड नावाचं रान माजतं. अशा जागी खालचा थर पाहून प्रकार ठरवला तर चूक होणारच. तिथे मातीचा खड्डा खणून पाहावं लागतं. शिवाय प्रत्येक देशानं, कॅनडात तर प्रत्येक प्रांतानं, आपापली वर्गवारी केली आहे, त्यामुळे सरहद्दीवर नकाशे जुळत नाहीत. आर्क्टिकच्या वृक्षहीन प्रदेशाचा एकसंध वनस्पती-नकाशा २००३ मध्ये १:७५,००,००० या प्रमाणावर निघाला. त्याच धर्तीवर सगळ्या बोरिअल पट्ट्याचा नकाशा करायचं काम आर्क्टिक देशांच्या वनस्पतीतज्ज्ञांनी नंतर हाती घेतलं.

वर्ग ठरवताना आकडे लागतात, आणि आकडा आला की कुठेतरी रेघ मारावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येनुसार किमान अर्धा हेक्टर जागा, १० टक्क्यांहून जास्त पर्णछत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जागा) आणि ५ मीटरहून उंच, किंवा त्या जागी तेवढी होऊ शकणारी झाडं असली, तर ते जंगल. तैगाच्या उत्तर कडेला शंभर वर्षांची स्प्रूस तीन मीटरवर अडकलेली असते. ती जंगलात धरायची की झुडपांत? कॅनडाच्या, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या प्रतिमांवर आधारित वर्गवारीत सूचिपर्णी जंगलाचे तीन भाग पाडले होते: ६० टक्क्यांहून जास्त छत्र ते दाट, २६ ते ६० ते खुलं, १० ते २५ ते विरळ. आणि सूचिपर्णी किंवा रुंदपर्णी यांपैकी कुणाचाच वाटा ७५ टक्क्यांपर्यंत पोचत नसेल तर ते मिश्र. या रेघा सोयीच्या आहेत, निसर्गातल्या नाहीत, आणि नकाशातल्या चुकांचा मोठा भाग याच रेघांच्या दोन्ही बाजूंना साचतो. ५८ टक्के छत्राची जागा ‘दाट’ दाखवली गेली तर आकडेवारीत ती चूक धरली जाते. वनाधिकाऱ्याला प्रत्यक्षात तिचा काहीच त्रास होत नाही. उलट पाइनची दलदल कोरडं पाइन म्हणून दाखवली गेली, तर रस्ता आखणारा फसतो. अचूकतेच्या टक्केवारीत मात्र दोन्ही चुकांचं वजन सारखंच.

जमिनीवरचं काम नमुना-प्लॉटवर चालतं. कॅनडाच्या राष्ट्रीय वनगणनेत मोठ्या झाडांसाठी ११.२८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखतात. आकडा विचित्र वाटतो, पण त्यानं क्षेत्रफळ बरोबर ४०० चौरस मीटर येतं आणि मोजणीला २५नं गुणलं की हेक्टरचा आकडा मिळतो. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर ज्यांचा व्यास ९ सेंटीमीटर किंवा जास्त भरतो, ती सगळी झाडं मोजायची. त्याहून बारीक झाडांसाठी ३.९९ मीटर त्रिज्येचं छोटं वर्तुळ, म्हणजे ५० चौरस मीटर. मग थरवार आच्छादन: वृक्ष, झुडपं, छोट्या वनस्पती, मॉस-लायकेन. प्रत्येक थराची टक्केवारी वेगळी लिहायची. थर एकमेकांवर असल्यामुळे बेरीज शंभराच्या वर जाते, आणि तसंच व्हायला हवं. नवखा माणूस ती ओढूनताणून शंभरात बसवतो आणि मॉसचा थर निम्मा दाखवतो. सूर्यप्रकाश शेंड्यांवरच अडला तरी मॉस खाली पूर्ण पसरलेलं असू शकतं.

पीटची खोली धातूच्या सळईनं मोजतात. कॅनडात ४० सेंटीमीटर किंवा त्याहून जाड पीट असेल तर ती पीटभूमी. जूनच्या सुरुवातीला सळई ३० सेंटीमीटरवर ठक्कन अडते आणि पीट संपलं असं वाटतं. बरेचदा तो हिवाळ्यातला न वितळलेला बर्फ असतो, कधी कायम गोठलेली जमीन. आवाजावरून आणि टोकाला लागलेल्या मातीवरून फरक कळतो: खालची खनिज माती वाळूसारखी कुरकुरते किंवा चिकटून वर येते, बर्फाला सळई लागली की टोक स्वच्छ येतं. शंका असेल तर ती जागा ऑगस्टअखेर पुन्हा मोजणं बरं.

प्लॉट कुठे घ्यायचा यातही गोम आहे. छत्राखाली साध्या जीपीएसची चूक पाच-दहा मीटर सहज होते. म्हणून उपग्रह-प्रतिमेतल्या ३० मीटरच्या पिक्सेलशी प्लॉट जोडायचा असेल तर तो किमान ९० बाय ९० मीटरच्या एकसारख्या तुकड्याच्या मध्यात हवा. चूक झाली तरी शेजारचा पिक्सेल त्याच प्रकारचा निघेल. त्याहून मोठा दोष रस्त्यांचा. उत्तरेत रस्ते कोरड्या, वाळूच्या कण्यावरून काढलेले असतात. रस्त्यालगत नमुने घेतले की यादीत पाइन भरपूर आणि दलदल नावापुरती. यावर उपाय ठराविक जाळीचा. कॅनडात दर २० किलोमीटरवर २ बाय २ किलोमीटरचा हवाई छायाचित्र-प्लॉट ठेवला आहे; ४०० चौरस किलोमीटरमागे ४, म्हणजे नेमका एक टक्का जमीन.

आता उपग्रह. लँडसॅट मालिका १९७२ पासून सुरू आहे, १९८२ पासून ३० मीटरच्या पिक्सेलच्या प्रतिमा मिळतात आणि २००८ मध्ये सगळा संग्रह फुकट खुला झाला. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या मुख्य प्रकाशपट्ट्यांचे पिक्सेल १० मीटरचे आहेत. रुंदपर्णी झाडं निकट-अवरक्त प्रकाशात लख्ख चमकतात. सूचिपर्णी काळपट दिसतात, कारण सुयांचे झुपके आणि टोकदार शेंडे प्रकाश आतल्या आत अडकवतात. एवढा फरक संगणक सहज पकडतो. घोळ होतो तो पुढे. पांढुरकं लायकेन दृश्य प्रकाशात इतकं उजळ असतं की त्या जागेचा हरितपणाचा निर्देशांक पडतो, आणि धडधाकट लायकेन-जंगल आजारी किंवा उजाड म्हणून वर्गात जातं. दाट काळी स्प्रूस, टेकडीची सावली आणि ताजं जळकं रान हे तिन्ही काळोखे. यांतही सरमिसळ होते.

सावलीचं गणित तर मांडूनच पाहण्यासारखं आहे. ६० अंश उत्तरेला २१ जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५३ अंश वर असतो. १५ मीटर उंचीच्या झाडाची सावली ११ मीटर पडते. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला सूर्य जेमतेम ३० अंशांवर, सावली २६ मीटर. म्हणजे एका झाडाची सावली लँडसॅटच्या पिक्सेलच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते, आणि हे भर दुपारचं. उपग्रह तर सकाळी दहाच्या आसपास जातो. विरळ जंगलात ज्या फटींतून मॉस की लायकेन हे दिसायचं, त्याच फटी काळ्या होतात. म्हणून खालच्या थरासाठी जून-जुलैची प्रतिमा घ्यावी.

पण मग लार्चचं काय? लार्च सूचिपर्णी असूनही पानझडी आहे. पूर्व सैबेरियात मैलोन्‌मैल लार्चच आहे, आणि उन्हाळ्यात तिची कोवळी, मऊ पालवी उपग्रहाला बर्चसारखी वाटते. मार्चमधल्या बर्फाच्या प्रतिमेत स्प्रूस-पाइन गडद राहतात, लार्च आणि बर्च दोन्ही निष्पर्ण. सदाहरित वेगळं निघतं, ही दोघं मात्र अजून एकत्रच. त्यांना सोडवते शरद ऋतूची प्रतिमा. कॅनडात बर्च-अ‍ॅस्पेनची पानं गळत आली तरी लार्चचा सोनेरी रंग टिकून असतो. ही संधी थोड्याच दिवसांची, त्यात ढग, त्यात लांब सावल्या. एका ऋतूत सगळं साधत नाही. तीन ऋतूंच्या प्रतिमा एकत्र वापराव्या लागतात आणि एका वर्षी ढग आडवे आले तर शेजारच्या वर्षाची उसनवारी करावी लागते. तेव्हा मधल्या काळात आग लागली नव्हती ना, हे आधी तपासायचं.

उंचीसाठी लेझर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा गेडी हा लेझर जंगलासाठीच बनवला, पण स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे बहुतेक तैगा त्याच्या टप्प्याबाहेर. २०१८ मध्ये गेलेला आइससॅट-२ ध्रुवाजवळ ८८ अंशांपर्यंत जातो. तो बर्फासाठी बनवलेला, तरी उत्तरेत तोच कामी येतो. विमानातून केलेल्या लेझर मोजणीचा आणखी एक फायदा: छत्राखालच्या जमिनीचे चढउतार मिळतात, आणि पाणी कुठे साचेल ते त्यावरून काढता येतं.

चुकीच्या नकाशाची किंमत जंगलापुरती राहत नाही. १९९४ ते १९९६ या काळात कॅनडात झालेल्या ‘बोरिअस’ या मोठ्या मोहिमेत दिसलं की हिवाळ्यात बर्फ असतानाही सूचिपर्णी जंगल गडदच राहतं, कारण बर्फ खाली आणि काळे शेंडे वर. युरोपच्या हवामान केंद्राचं प्रारूप मात्र तिथे उघड्या बर्फाइतकं परावर्तन धरत होतं आणि वसंतातलं तापमान प्रत्यक्षाहून बरंच थंड दाखवत होतं. ते दुरुस्त केल्यावर अंदाज सुधारले.

नकाशा तयार झाल्यावर पिक्सेल मोजून क्षेत्रफळ सांगायचा मोह होतो. एक काल्पनिक हिशेब करू. १००० चौरस किलोमीटर जागेत लार्चची दलदल खरोखर २० आहे. नकाशानं त्यातली ८० टक्के बरोबर ओळखली: १६. उरलेल्या ९८० पैकी फक्त ५ टक्के चुकून लार्चमध्ये गेली: ४९. नकाशावर लार्च दिसते ६५, म्हणजे वास्तवाच्या तिप्पट. आणि एकूण अचूकता तरीही ९५ टक्क्यांच्या जवळ! दुर्मीळ वर्गाचं असंच होतं. म्हणून क्षेत्रफळ पिक्सेलवरून न काढता, यदृच्छेनं निवडलेल्या तपासणी-नमुन्यांवरून दुरुस्त करून काढतात आणि सोबत चुकीची मर्यादा देतात. तपासणीचे नमुने संगणकाला वर्ग शिकवायला वापरलेल्या नमुन्यांना खेटून असतील तर संगणक शेजाऱ्याचंच उत्तर परत देतो आणि अचूकता फुगते. त्यापेक्षा अख्खे तुकडे बाजूला ठेवून त्यांवर परीक्षा घ्यावी.

आगीमुळे नकाशा शिळाही होतो. २०२३ मध्ये एकट्या कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळलं. जळल्या जागी बऱ्याचदा आधी अ‍ॅस्पेन-बर्च उगवतात. त्यांच्या खाली स्प्रूसची रोपं असतात, पण ती वरून दिसायला काही दशकं जातात. तोवर नकाशा ‘रुंदपर्णी’ म्हणतो, आणि त्या दिवसापुरतं ते बरोबरही असतं. म्हणून नकाशावर छपाईचं वर्ष पुरत नाही, प्रतिमांचं वर्ष हवं. आणि शक्य तिथे दोन वेगळे रकाने हवेत: वर काय आहे ते एकात, जमीन कोणत्या प्रकारची ते दुसऱ्यात. ६० टक्क्यांच्या वर दाट छत्र असेल तिथे दुसरा रकाना उपग्रहावरून भरूच नये. लेझरच्या चढउतारांवरून ‘ओलं असण्याची शक्यता’ एवढंच लिहावं, आणि तीही माहिती नसेल तर तो कोरा सोडावा.