कॅमेऱ्याची हालचाल आणि ध्वनिमुद्रण : नवोदित ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून साहित्य भाड्याने नेणाऱ्या नवोदित ग्राहकांचे बहुतेक प्रश्न कॅमेऱ्याविषयी असतात. साहित्य परत करताना मात्र तक्रार बहुधा आवाजाची असते. याचे मोठे कारण म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेला माइक कॅमेऱ्याबरोबरच फिरतो. कॅमेरा मागे सरकला की बोलणाऱ्याचा आवाज लांब जातो, आणि पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, माइकचे तोंड दुसरीकडे वळले की वाक्याच्या मध्येच आवाज बदलतो. म्हणून शॉटमध्ये कॅमेरा हलणार असेल, तर माइक कॅमेऱ्यावरून उतरवून बोलणाऱ्याजवळ न्यावा, असा आमचा आग्रह असतो.

कॅमेरा जागच्या जागी आडवा फिरवणे म्हणजे पॅन, वर-खाली झुकवणे म्हणजे टिल्ट, आणि संपूर्ण कॅमेराच पुढे-मागे वा बाजूला सरकवणे म्हणजे डॉली किंवा ट्रॅकिंग. झूम हा याला पर्याय नाही. झूमने चित्र मोठे होते, पण जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे एकमेकींशी असलेले प्रमाण तसेच राहते. ते बदलायचे तर कॅमेरा प्रत्यक्ष सरकावाच लागतो.

सर्वांत जास्त शॉट बिघडतात ते पॅनमध्ये, आणि तेही घाईमुळे. सेकंदाला 24 किंवा 25 फ्रेम या गतीने चित्रण करताना एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाण्यास साधारण 7 सेकंद लागावेत, असा ठोकताळा आहे. त्याहून बरेच वेगाने फिरवल्यास चित्र अडखळत सरकते. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने झपाट्याने केलेल्या पॅनमध्ये खांब आणि दारांच्या चौकटी तिरक्या दिसतात. 25 फ्रेमसाठी शटर 1/50 सेकंद ठेवावे, आणि प्रखर उन्हात शटरचा वेग वाढवण्याऐवजी एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावावा. हातात कॅमेरा धरून पॅन करताना, जिथे थांबायचे त्या दिशेला पाय रोवून उभे राहावे आणि कंबरेतून वळून सुरुवातीच्या दिशेला जावे, म्हणजे शरीराचा पीळ शॉटच्या ओघात सुटत जातो आणि शेवट स्थिर येतो. हालचालीच्या आधी व नंतर 4-5 सेकंद कॅमेरा स्थिर ठेवल्यास एडिटिंगच्या वेळी कापायला जागा मिळते. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हादरे कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) सहसा बंद ठेवावा. मुद्दाम केलेल्या पॅनलाही काही वेळा तो हादरा समजतो आणि शेवटी चित्राला झटका देतो.

आवाजाच्या बाबतीत निम्मे काम अंतरच करते. मोकळ्या जागेत माइक दुप्पट लांब नेला की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. खोलीतला घुमारा मात्र फारसा घटत नाही, आणि गेन (माइककडून येणारा आवाज किती मोठा करून घ्यायचा ती पातळी) वाढवल्यास दोन्ही सारखेच वाढतात. कॉलर माइक हनुवटीच्या साधारण एक वीत खाली, दुपट्टा किंवा साखळी घासणार नाही असा लावावा आणि त्याच्या वायरीला कपड्याच्या आत एक सैल वेढा द्यावा, म्हणजे ओढ थेट माइकवर येत नाही. बूमवरचा (लांब दांडीला लावलेला) माइक फ्रेमच्या अगदी बाहेर, वरून तोंडाच्या रोखाने धरावा. उघड्यावर केसाळ आवरणाशिवाय चित्रण करू नये. वाऱ्याची घरघर नंतर पूर्णपणे काढता येत नाही.

ऑटो गेन (गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करावा, कारण बोलणारा थांबला की तो पंख्याचा आवाज वर उचलतो. बोलण्यातले सर्वांत मोठे आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहावेत. शून्याला टेकलेला आवाज फाटतो. मीटर हलतो आहे म्हणजे आवाज चांगला येतो आहे असे नव्हे, त्यामुळे कान झाकणारे हेडफोन घालून ऐकत राहावे. गिम्बलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरयुक्त दांड्याच्या) मोटरची कुरकुर आणि चालणाऱ्याच्या पावलांचा आवाज त्यातच कळतो. रेकॉर्डर वेगळा असल्यास प्रत्येक टेकच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवावी, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात, आणि साहित्य आवरण्यापूर्वी त्या जागेची शांतता 30 सेकंद ध्वनिमुद्रित करावी. संवादातले काप बुजवायला ती लागते.