तिखट बियांत नसतं

घरात लहान मूल किंवा पित्ताचं माणूस असलं की फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा बेताचा तिखट करायचा आणि त्यासाठी हिरव्या मिरचीच्या बिया झटकून टाकायच्या, ही रीत घरोघरी आहे. सगळं तिखट बियांत, असा समज. तो खरा नाही.

मिरची उभी चिरून बघा. बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो पांढरट, मऊ पडदा दिसेल. जिभेला झोंबणारं कॅप्सेसिन तिथे तयार होतं. बियांना ते लागतं ते पडद्याशी लागून असल्यामुळे, वरवर. पडदा ठेवून नुसत्या बिया काढल्या तर रस्सा झणझणीतच होणार. सुरीच्या टोकाने पडदा खरवडा, बिया त्याच्याबरोबर जातात. (मग हात साबणाने धुवा. नुसत्या पाण्याला कॅप्सेसिन दाद देत नाही, हे डोळा चोळल्यावर कळतं.)

तरीही तिखट झालाच, तर पेलाभर पाणी ओतू नका, चवच पातळ होते. कॅप्सेसिन स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून नारळाचं घट्ट दूध, अगदी शेवटी, मंद आचेवर. लाल रंग हवा असेल तर ब्याडगी आहेच: रंग भरपूर, तिखट बेताचं.